मीटरवालीचं उडणं

मी कर्वेनगरमधल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. पाचवीला फळांची टोपली, सातवीला बाजाराचं दृश्य, नववीला मडकं आणि त्यामागे चुण्या पडलेलं कापड. वर्षानुवर्षं हेच. घरी आल्यावर मात्र जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मी एक चित्रकथा काढत बसायचे. ती कुणी मागितली नव्हती. नवरा ताट ठेवायला जागा शोधत म्हणायचा, "आज आपली बाई हवेत आहे की जमिनीवर? जमिनीवर असेल तर तिला जरा सरकव."

ती बाई म्हणजे माझी मीटरवाली. पाणीपुरवठा विभागात मीटर वाचायला घरोघर फिरणारी, चाळिशीची, अंगानं भरलेली, पायांत रबरी चपला. तिच्याकडे एक शक्ती होती. श्वास रोखला की तिचं वजन नाहीसं व्हायचं. श्वास धरून ठेवता येईल तोवर ती हवेत, सुटला की खाली. त्यामुळे उडताना तिला बोलता यायचं नाही. ज्याला वाचवायला निघाली आहे त्याला "घाबरू नका" एवढंही सांगता यायचं नाही. लहानपणी मला पोहायला शिकवणारे सर ओरडायचे, "छातीत हवा धर, पाणी तुला उचलेल!" आणि खरोखरच पाणी मला उचलायचं. त्या उचलले जाण्याचं नवल माझ्या मनातून कधी गेलं नाही. मीटरवाली तिथूनच आली असावी.

एका मैत्रिणीच्या मदतीनं त्या चित्रकथेचं पुस्तक छापलं. थोड्या प्रती गेल्या, उरलेल्या आमच्या पलंगाखाली गेल्या. नंतर एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा. शाळेत असताना वहीच्या समासात चित्रं काढून मार खाणारा. आता हिंजवडीला एका कंपनीत कामाला होता. त्याच्या हातात मीटरवालीचं पुस्तक होतं, पार कोपरे दुमडलेलं.

"बाई, मला याचा सिनेमा करायचाय."

मला हसू आलं. "अरे, ती उडते. तिला उडवायला लागतं काय काय, माहितेय ना? तुझ्याकडे आहे काय?"

"शनिवार आणि रविवार," तो म्हणाला.

तेवढ्यावरच तो सिनेमा झाला. मीटरवालीच्या भूमिकेसाठी त्याला प्रायोगिक नाटकांत काम करणारी एक नटी मिळाली. ती आठवडाभर पतपेढीत नोकरी करायची आणि शनिवारी सकाळी डबा घेऊन चित्रीकरणाला हजर व्हायची. बरंचसं चित्रीकरण आमच्याच सोसायटीच्या गच्चीवर झालं. परवानगी मागायला मी सेक्रेटरींकडे गेले, तेव्हा पेपर खाली न करता ते म्हणाले, "उडा हो, उडा. फक्त टाकीच्या झाकणावर पाय देऊ नका."

उडायचं म्हणजे असं, की गच्चीवर हिरवं कापड टांगायचं, त्यापुढे उंच स्टूल ठेवायचं, त्यावर नटीनं पालथं पडून हातपाय पसरायचे आणि कुणीतरी समोरून पंखा धरायचा. स्टूल नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकणार होते. खालून कुणाला दिसू नये म्हणून चित्रकथेत मीटरवाली आभाळाच्या रंगाचा झगा घालते. सिनेमात तो दिग्दर्शकाच्या आईच्या हॉलमधल्या पडद्याचा शिवला. शेवटी नदीला पूर येतो आणि मीटरवाली पत्र्यावर अडकलेल्या एका म्हाताऱ्याला उचलून आणते. त्या पुरासाठी पाण्याचा टँकर मागवला. टँकरवाल्यानं आधी विचारलं, "पाणी कुठल्या टाकीत सोडायचं?" आणि उत्तर ऐकून तो शेवटपर्यंत तिथंच थांबला, म्हणाला हे बघूनच जातो.

एका गोष्टीवर मात्र दिग्दर्शक अडून बसायचा. नटीनं श्वास खरा रोखायचा. रोखल्याचं नाटक नाही. ती रोज सराव करत होती, बसच्या रांगेतसुद्धा. स्टुलावर पालथी पडून ती श्वास घ्यायची, धरायची आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत जायचा. आधी शांत, मग कोरा, मग कुठल्यातरी फार लांबच्या ठिकाणाहून आपल्याकडे पाहिल्यासारखा. मी पंख्यामागे उभी राहून ते बघायचे आणि तो चेहरा कागदावर काढायला घरी पळायचे. आवाजाचं कामही त्यानं दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. धरणातून पाणी सोडलं तेव्हा कंपनीतून रजा काढून तो नदीकाठी आवाज टिपत उभा होता. "बाई, पूर ऐकायला एकदा याच," असं तो म्हणाला होता. मी गेले नव्हते. शाळेत चित्रकलेची परीक्षा चालू होती.

सिनेमा एका थेटरात लागला. सकाळचा खेळ, एकच आठवडा. पहिल्या दिवशी आम्ही सगळे गेलो. सुरुवातीला लोक बरे होते. मग मीटरवाली पहिल्यांदा उडाली. पडद्यावर तिचा चेहरा, मागे आभाळ, संगीत नाही, काही नाही. तेवढ्यात मागून एक पोरगा ओरडला, "अरे, स्टूल दिसतंय!"

दिसत नव्हतं खरं. स्टूल नीट पुसलेलं होतं. पण स्टुलावर पडलेलं पोट मात्र सपाट दिसत होतं, आणि एकदा सांगितल्यावर सगळ्यांना तेच दिसायला लागलं. मग जे हसू सुटलं ते थांबेना. पूर आला तेव्हा एक काका शेजारणीला म्हणाले, "कुणाचा तरी नळ चालू राहिलाय वाटतं." मी खुर्चीत जितकी खाली सरकता येईल तितकी सरकले. खेळ संपल्यावर दिग्दर्शक जिन्यात उभा होता. म्हणाला, "बाई, तुमच्या बाईला मी खाली पाडली."

"अरे, असं काही नाही," मी म्हणाले. तो तसाच उभा राहिला. नटीनं त्याच्या हातात तिच्या डब्यातली पोळी-भाजी ठेवली आणि तिथं जिन्यातच आम्ही तिघांनी जेवून घेतलं.

सिनेमा उतरला. दिवाळीची सुट्टी लागायच्या सुमाराला एका दुपारी मला फोन आला. एका बाईंचा आवाज होता, प्रत्येक शब्द धुऊन, इस्त्री करून ठेवल्यासारखा.

"मीटरवालीची गोष्ट आपण लिहिली का?"

"हो. लिहिली म्हणजे काढली."

"काढली तर काढली. माझी भाची आपला सिनेमा पाहून आली. तिला आवडला नाही. पण का आवडला नाही ते सांगताना तिनं जी गोष्ट सांगितली, ती मला आवडली. मला तो सिनेमा बघायचाय."

"अहो, तो आता उतरलाय. पण मी तुम्हाला फाईल पाठवू शकते."

"पुढचं ऐका. मला दिसत नाही. जन्मापासूनच. आमचा एक गट आहे, सगळे माझ्यासारखेच. रविवारी आम्ही जमतो, कुणीतरी येऊन पुस्तक वाचून दाखवतं. आपण आम्हाला सिनेमा वाचून दाखवाल का?"

सिनेमा वाचून दाखवायचा असतो हे मी पहिल्यांदा ऐकत होते. पण 'नाही' म्हणायचं कारण माझ्याकडे नव्हतं. मी सिनेमा आवाज बंद करून, पुन्हा पुन्हा थांबवत पाहिला आणि जे दिसतं ते लिहून काढलं. मग आधी एकदा ऐकवावं म्हणून शनिवार पेठेत त्यांच्याकडे गेले.

त्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. आम्ही पुढे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणायला लागलो. नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्या आणि त्यांची बहीण राहायच्या. दार उघडून त्यांनी मला आत घेतलं, पंखा लावला, माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि सरळ बसून म्हणाल्या, "हं. वाचा."

मी वाचायला लागले. मीटरवाली गल्लीतून येते, कुलूपबंद घरापाशी थांबते, वगैरे. त्या मान हलवत होत्या. मग उडण्याचा प्रसंग आला. "ती वर जाते. खालची माणसं लहान लहान होत जातात, मुंग्यांएवढी दिसायला लागतात."

"थांबा. लहान का होतात?"

"म्हणजे लांब जातात ना."

"लांब जातात हे ठीक. लहान कशानं होतात?"

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्याच पुढे म्हणाल्या, "पुस्तकांत हे सारखं येतं. दूरवर ठिपक्यासारखं घर, नि मुंगीसारखी माणसं. मला वाटायचं, लिहिणाऱ्यांची बोलायची तऱ्हा आहे. काळजाचं पाणी झालं म्हणतात, तसं. कुणाच्या काळजाचं पाणी होत नाही."

"नाही हो. खरंच लहान दिसतात."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

त्यांनी हात मांडीवर ठेवले. त्यांना वाईट वाटलं की काय, असं मला वाटलं. पण चेहरा वाईट वाटल्याचा नव्हता. पत्ता चुकून भलत्याच घरी आलेलं पाकीट उघडून पाहणाऱ्या माणसासारखा होता.

"मला दाखवा," त्या म्हणाल्या.

आठवीच्या मुलांना मी हे दर वर्षी शिकवते. रेल्वेचे रूळ काढा, लांब एका बिंदूत मिळवा, दोन्ही बाजूंना लहान होत जाणारे खांब काढा. मुलं काढतात. 'का' असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात त्यांच्या बहिणीच्या विणकामाची टोपली होती. त्यातली लोकर घेतली. एक धागा बाहेरच्या दाराच्या वरच्या कडीला बांधला, एक खालच्या कडीला. दोन्ही धाग्यांची मोकळी टोकं ऑपरेटरबाईंच्या उजव्या हातात दिली आणि तो हात त्यांच्या डोळ्याशी टेकवला.

"हे दार म्हणजे एक माणूस समजा. वरचा धागा त्याच्या डोक्याकडून तुमच्याकडे येतो, खालचा पायांकडून. आता डाव्या हातानं, चेहऱ्यापासून चार बोटं पुढे, दोन धाग्यांत किती अंतर आहे ते चाचपा."

त्या दाराजवळ उभ्या होत्या. अंगठा आणि करंगळी ताणून त्या म्हणाल्या, "वीतभर."

"आता मागे चला. मी धागा सोडत जाते."

आम्ही हॉलमधून मागे मागे निघालो. मधली बोळ आली, स्वयंपाकघर आलं. बहीण गॅसपाशी उभी होती. तिनं विचारलं, "घरात लोकर कशाला बांधताय?"

"दार लहान करतोय," ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्यांची बोटं धाग्यांवरून हटत नव्हती. स्वयंपाकघर ओलांडून आम्ही मागच्या गॅलरीत पोचलो, तेव्हा त्या दोन धाग्यांत जेमतेम दोन बोटांची जागा उरली होती.

त्या तिथंच थांबल्या. मग एकट्याच धागे धरून पुढे दारापर्यंत गेल्या, पुन्हा मागे आल्या. पुन्हा गेल्या. तोंडानं हळू म्हणत होत्या, "वीत. चार बोटं. तीन. दोन." सैल पडलेला धागा मी गोळा करत होते. बहिणीचा चहा ओट्यावर निवत होता आणि ती चमचा हातात धरून नुसती बघत होती.

"दार तेवढंच आहे?" त्यांनी विचारलं.

"तेवढंच आहे."

"म्हणजे ते लहान होत नाही. तुमच्यापर्यंत पोचताना अरुंद होतं."

मी इतकी वर्षं शिकवते, पण यथार्थदर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, इतक्या नेमक्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं.

"आणि हे तुम्हाला दिवसभर होत असतं? घरातलं माणूस दारातून निघालं की लहान लहान होत जातं, आणि तुम्ही चहा पीत राहता?"

"हो," मी म्हणाले. "सवय असते."

"शाळेच्या गच्चीवरून पर्वती दिसते का हो तुम्हाला?"

"दिसते. अंगठा समोर धरला तर झाकली जाते."

"अख्खी टेकडी? पायऱ्यांसकट?"

"पायऱ्यांसकट."

"मी त्या पायऱ्या चढलेय. गुडघे अजून सांगतात," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू आलं. पोटातून, सावकाश चढत जाणारं. "अहो, आणि तुम्ही मला श्वास रोखून उडणाऱ्या बाईचं कौतुक सांगायला आलात?"

त्या संध्याकाळी मी घरी जायला निघाले ती नदीवरच्या पुलावर थांबले. एक बस माझ्यासमोरून गेली. ती लहान होत गेली. आधी पेटीएवढी, मग काडेपेटीएवढी, आणि तिच्यात बसलेली सगळी माणसं, त्यांच्या भाजीच्या पिशव्या, दांडीला धरून उभा असलेला कंडक्टर, हे सगळं त्या काडेपेटीत मावलं आणि वळणावर नाहीसं झालं. कुणी ओरडलं नाही. त्यांना काही झालेलं नाही, याची माझ्यासकट पुलावरच्या प्रत्येकाला पक्की खात्री होती. पुलाच्या त्या टोकाहून एक मुलगी चालत येत होती, नखाएवढी. माझ्याकडे येता येता ती मोठी होत गेली, शेजारून गेली तेव्हा माझ्याहून उंच होती. मी कठड्याला धरून कितीतरी वेळ येणाऱ्या-जाणाऱ्यांना नुसतं मोठं आणि लहान होताना बघत राहिले.

सिनेमा आमच्या शाळेच्या हॉलमध्ये दाखवायचा ठरला. एका रविवारी सकाळी रिक्षा येत राहिल्या. संगीत शिकवणारे एक गृहस्थ, मसाज-उपचार करणारं एक जोडपं, बँकेतले दोन कर्मचारी, कॉलेजात शिकणाऱ्या मुली, म्हाताऱ्या बायका. पांढऱ्या काठ्या मिटून मांडीवर घेऊन सगळे बसले. दिग्दर्शक मागे लॅपटॉपपाशी होता. थेटरातल्या त्या दिवसापासून त्यानं सिनेमा एकदाही पाहिला नव्हता. नटी दाराशी उभी होती. मी पडद्याच्या बाजूला माईक घेऊन बसले.

सुरुवातीला मी फार बोलले. मीटरवाली घसरून पडली तेव्हा मी म्हणाले, "ती पडली." मागून एक गृहस्थ म्हणाले, "पडली ते ऐकू आलं बाई. का पडली ते सांगा."

"शेवाळं होतं."

"हं, असं सांगा."

मग पहिलं उडणं आलं. मीटरवालीनं श्वास घेतला आणि मी लिहून आणलेला कागद पुढे ओढून सुरू केलं, "आता ती हळूहळू वर..."

पहिल्या रांगेतून ऑपरेटरबाईंचा हात वर झाला. "थांबा. ऐकू द्या."

मी थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो प्रसंग ऐकला.

तो मुका नव्हता. श्वास आत घेतल्याचा आवाज, मग तो धरला गेला, आणि त्याखाली सगळी पेठ होती. कुकरची शिट्टी, कुणीतरी फरशीवर ओढलेली बादली, रिक्षा, शाळेची घंटा, एक बाई मुलाला हाक मारते आहे. आणि हे सगळं खाली जात होतं. आधी बादली गेली. मग कुकर. हाक पातळ होत गेली, शेवटी तिचं एक अक्षर उरलं, मग तेही नाही. घंटा सगळ्यात शेवटी गेली. उरला फक्त वारा, आणि तोसुद्धा एका बाजूनं. थेटरात हे सगळं हसण्याखाली बुडालं होतं. पंख्यामागे उभी राहून मी ज्याची इतकी चित्रं काढली, ते कानांना असं ऐकू येतं हे मला माहीतच नव्हतं.

मी समोर पाहिलं. हॉलमध्ये एकही चेहरा पडद्याकडे नव्हता. कुणाची मान खाली, कुणाचा कान पुढे केलेला, एक म्हातारी छताकडे तोंड करून बसलेली. पडद्यावर स्टुलावर पडलेली बाई होती आणि तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. मीटरवाली त्या हॉलमध्ये होती, वर कुठंतरी, आमच्या डोक्यांवर. आणि माझ्या लक्षात आलं की कुणी श्वास घेत नाहीये. मी पण घेत नव्हते. छाती दुखायला लागली तरी सोडवेना.

मग मीटरवालीनं श्वास सोडला, आणि अख्ख्या हॉलनं सोडला. इतक्या माणसांनी एकदम सोडलेला श्वास मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मोठं झाड हललं की येतो तसा तो आवाज होता. दाराशी नटीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्यानंतर मी अगदी मोजकं बोलले. कोण आलं, कुणी कुणाकडे पाहिलं, हातात काय आहे. उडणं आलं की गप्प बसायचे. आणि मग पूर आला. पडद्यावर टँकरचं पाणी गच्चीच्या नालीतून वाहत होतं, काकांचा तो चालू राहिलेला नळ. पण हॉलमध्ये जे आलं ते धरणाचं पाणी होतं. आधी जमिनीखालून यावी तशी घरघर, मग दगडांवर दगड, मग ती रुंद, न थांबणारी गर्जना. माझ्या समोरच्या म्हातारीनं पाय उचलून खुर्चीवर घेतले. तिच्या शेजारणीनं तिचा दंड धरला. मसाज करणारे गृहस्थ बायकोला म्हणाले, "पानशेतच्या पुराचा आवाज आजीनं असाच सांगितला होता."

मीटरवालीनं पत्र्यावरच्या म्हाताऱ्याला कवेत घेतलं आणि श्वास धरला. ती उचलली गेली. पाणी खाली जायला लागलं. म्हातारा तिच्या कानाशी बोलत होता, "जड होतंय का गं तुला? सोडशील का?" तिला उत्तर देता येईना. तो पुन्हा विचारत होता, रडवेला होऊन, "अगं, काहीतरी बोल की. सोडणार नाहीस ना?"

"बोलू नकोस!" ती म्हातारी ओरडली. "बोलू नकोस गं, पडशील!"

"नाही बोलत ती," कुणीतरी तिला समजावलं.

"आजोबा, तुम्ही गप्प बसा!" एक कॉलेजातली मुलगी म्हणाली. कुणीच हसलं नाही. पाण्याचा आवाज दूर गेला, पायाखाली जमीन लागल्याचा आवाज आला, ओल्या कपड्यांचा आवाज, आणि मग मीटरवालीचा श्वास, फाटल्यासारखा, पुन्हा पुन्हा. "नाही," ती म्हणाली. "नाही सोडणार." त्या क्षणी टाळ्या नाही वाजल्या. लोक नुसते धापा टाकत होते, तिच्याबरोबर.

मी मागे पाहिलं. दिग्दर्शक लॅपटॉपवर हात ठेवून उभा होता. दिवे लावायचं त्याचं काम होतं, ते तो विसरला होता. मी जवळ गेले तेव्हा म्हणाला, "बाई, हे मी केलंय?"

"तूच केलंयस," मी म्हणाले.

नंतर पुष्कळ वेळ कुणी घरी जाईना. सगळ्यांना मीटरवालीला भेटायचं होतं. नटी खुर्चीवर बसली आणि एकेक जण येऊन तिचा हात हातात घेऊन जात होता. ती म्हातारी तिच्या फासळ्यांवर हात ठेवून म्हणाली, "एवढीशी तर छाती तुझी." ऑपरेटरबाईंनी झगा मागितला. बोटांत धरून पाहिला, शिवण पाहिली, टोकाला चाचपलं.

"पडदा आहे हा."

"हो," दिग्दर्शक ओशाळून म्हणाला.

"चांगला आहे. जाड आहे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ती आभाळातून खाली बघते तेव्हा तिला शनिवार पेठ केवढी दिसते?"

"तळहाताएवढी."

"आमच्या घरासकट," त्या म्हणाल्या आणि तळहात उघडून त्यावर दुसऱ्या हाताचं बोट फिरवत राहिल्या, सावकाश, गल्ली शोधत असल्यासारख्या.

दिग्दर्शकानं नंतर माझ्या आवाजातलं वर्णन सिनेमाला कायमचं जोडून घेतलं, उडण्याच्या जागा मोकळ्या ठेवून. तो तसा नाशिकला, कोल्हापूरला अशाच गटांमध्ये दाखवला गेला. थेटरात पुन्हा लागला नाही. तो अजून हिंजवडीला जातो, पण परवा भेटला तेव्हा खिशात आवाज टिपायचं यंत्र होतं आणि कंपनीच्या लिफ्टबद्दल तो इतक्या प्रेमानं बोलत होता की मला ती लिफ्ट ऐकायला जावंसं वाटलं. नटीनं पतपेढी सोडलेली नाही.

मी आता महिन्यातून एका रविवारी त्या गटाला सिनेमे वाचून दाखवते. मागच्या खेपेला काय वाचायचं यावरून मोठा वाद झाला. मुलींना मारामारीचा हवा होता, संगीतवाल्या गृहस्थांना गाण्यांचा. ऑपरेटरबाईंनी सगळ्यांना बोलू दिलं आणि शेवटी म्हणाल्या, "लग्नाचा एखादा सिनेमा आणा. लग्नात कोण कुणाशेजारी बसलंय आणि कोण कुणाकडे बघून नाक मुरडतंय, हे आम्हाला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही."

त्यावर मात्र सगळ्यांचं लगेच एकमत झालं.